जीप, वाळू आणि भाच्याचा प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. थळच्या किनाऱ्यावर पर्यटकांची जत्रा भरली होती. दुपारी माझा भाचा घरी आला, चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामू, नानांची जीप विकायची म्हणतो. तुमची परवानगी हवी."

नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात ही जीप घेतली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. तिच्यातून बर्फाच्या लाद्या बंदरावर जायच्या आणि मासळीच्या पाट्या बाजारात. वडील गेल्यावर ती बहिणीच्या अंगणात आली. भाचा तिचा पाना-पक्कड झाला. आता त्याला ती विकून, वर कर्ज काढून, 'साइड बाय साइड' नावाची गाडी घ्यायची होती. दोन माणसे शेजारी शेजारी बसतात, वर लोखंडी पिंजरा असतो, चाके फुग्यासारखी, आणि वाळूत ती हरणासारखी पळते. पर्यटकांना फेऱ्या मारून आणायच्या, कर्ज फेडायचे, असा त्याचा हिशेब.

मी त्याला म्हटले, "आठ दिवस दे. विचार करून सांगतो." मी कविता लिहिणारा माणूस. यंत्रातले मला वडिलांच्या शेजारी बसून जेवढे कळले तेवढेच कळते. पण त्या आठ दिवसांत मी या दोन गाड्यांच्या इतिहासात शिरलो आणि तिथे जे सापडले ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

सुरुवात जीपपासून. १९४० च्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकन लष्कराला चिखल, वाळू, डोंगर कशालाही न घाबरणारी छोटी, हलकी गाडी हवी होती. लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. दोनच कंपन्या पुढे आल्या, बॅंटम आणि विलीज. बॅंटमच्या वतीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या.

आता यातली मौज पाहा. लष्कराने सुरुवातीला अट घातली होती की गाडीचे वजन १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो असावे. चार माणसांनी धरून चिखलातून उचलावी, इतकी हलकी. ही अट कोणालाच पाळता आली नाही. चारही चाकांना ताकद द्यायची तर पुढच्या आसालाही दाते आणि दांडे हवेत. खड्ड्यात आपटून मोडू नये म्हणून चासी भक्कम हवी. तोफ ओढायची तर इंजिन दमदार हवे. वजन वाढत गेले आणि शेवटी जी विलीज जीप जगभर गेली ती सुमारे ११०० किलोंची होती. इंजिन २.२ लिटरचे, ताकद ६० अश्वशक्ती, दोन्ही आसांखाली लोखंडी पाटे आणि जोडीला जादा ताकदीचा कमी वेगाचा गिअर. आमच्या वडिलांच्या भाषेत "लो टाकली की हत्ती होतो".

ही जीप आपल्याकडे आली त्याची कथा मला फार जवळची वाटते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे दोन भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद अशा तिघांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव होते 'महिंद्र अॅंड मोहम्मद'. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरलही होते. इकडे १९४८ साली कंपनीच्या पाटीवरचे एक नाव बदलले आणि ती 'महिंद्र अॅंड महिंद्र' झाली. याच कंपनीने मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. एका पाटीवरचे एक नाव पुसले गेले, तरी त्या कारखान्यातून निघालेली गाडी कोणाची जात न विचारता गावोगाव फिरली. तहसीलदार तिच्यातून आले, देवीची लस तिच्यातून आली, निवडणुकीचा कर्णा तिच्यावरून वाजला, आणि पुढे वडापवाल्यांनी तिच्यात नऊच्या जागी एकोणीस माणसे बसवली.

आमची जीप त्याच घराण्यातली, उंच बॉनेटची. अमेरिकेत हा नमुना १९५३ साली आला आणि १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे तो नंतरही वर्षानुवर्षे निघत राहिला. पुढे त्याला प्यूजोची डिझेल इंजिने बसली, आणि २०१० साली त्याच वंशात 'थार' आली. आमच्या गावाचे नाव थळ, गाडीचे थार. गावातल्या पोरांनी या नावावरून केलेले विनोद मी इथे सांगत नाही.

आता दुसऱ्या गाडीकडे वळू. तिचा जन्म युद्धात झाला नाही. तो शेतात आणि बर्फात झाला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात पोलारिस नावाची कंपनी बर्फावर घसरणाऱ्या गाड्या बनवत असे. जपानी कंपन्यांनी १९७० नंतर फुगीर चाकांच्या तीनचाकी गाड्या काढल्या. घोड्यावर बसावे तसे पाय टाकून बसायचे आणि हॅंडल धरायचे. त्या इतक्या उलटू लागल्या की १९८८ साली अमेरिकेत त्यांची विक्री थांबवावी लागली. त्यांची जागा चारचाकीने घेतली. आपल्या किनाऱ्यांवर 'एटीव्ही' म्हणून ज्या भाड्याने मिळतात, त्या याच. १९८८ सालीच कावासाकी कंपनीने शेतकऱ्यांसाठी शेजारी शेजारी बसायची, स्टिअरिंगची छोटी गाडी काढली आणि तिला नाव दिले 'म्यूल', म्हणजे खेचर. नाव अगदी योग्य होते, कारण काम ओझे वाहण्याचे होते. २००३-०४ मध्ये यामाहाची 'ऱ्हायनो' आली, २००७ मध्ये पोलारिसची 'आरझेडआर' आली आणि खेचराचा शर्यतीचा घोडा झाला. पोलारिसने २०११ साली भारतात दुकान मांडले.

या गाडीच्या पोटात काय असते? आपल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तसा रबरी पट्टा. १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा आठवत असेल, तेच तत्त्व. पट्टा दोन कप्प्यांमध्ये वरखाली सरकतो आणि वेगाप्रमाणे गिअर आपोआप बदलतो. क्लच नाही, गिअरची खडखड नाही. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हातभर वरखाली होते. टायरमध्ये हवा थोडी असते, त्यामुळे टायर वाळूवर पसरतो, रुतत नाही. आणि वजन? लोकप्रिय नमुन्यांचे साधारण साडेचारशे ते सातशे किलो.

इथे मी थबकलो. १९४० साली अमेरिकन लष्कराने मागितले होते ५९० किलो. म्हणजे जीपला जे जमले नाही ते साठ-सत्तर वर्षांनी या पोरसवद्या गाडीने करून दाखवले. मग जीप हरली का?

उत्तर शोधायला मी भाच्याबरोबर एका ओळखीच्या माणसाच्या आवारात गेलो. त्याच्याकडे अशी गाडी होती. त्याने मला शेजारी बसवले, पट्टे आवळले आणि आवारातल्या रेतीच्या ढिगांवरून फिरवून आणले. खोटे कशाला सांगू? मजा आली. ज्या ढिगाऱ्यात आमच्या जीपने चारही चाकांनी माती उकरली असती, त्यावरून ही बदकासारखी पोहत गेली. पाठीला धक्का नाही. उतरलो तेव्हा भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि माझे तोंड हसत होते. मऊ वाळूत, उड्या मारत, वेगाने जायचे असेल तर जीपने या गाडीशी स्पर्धा करू नये, हे मी मान्य केले.

पण मला एक जुनी संध्याकाळ आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांना बर्फ पोचवायला उशीर झाला होता. त्यांनी फेरा वाचवण्यासाठी जीप सरळ पुळणीवरून घातली. ओली वाळू घट्ट असते, तिच्यावरून गाडी सडकेसारखी जाते. हे बरोबर होते. चूक इतकीच की ते भरतीचा हिशेब विसरले. आमच्याकडे कोळीबांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्या दिवशी अष्टमीच होती आणि पाच वाजून गेले होते. एका ओहोळाच्या तोंडाशी चाक रुतले. लो टाकली, हत्ती काही झाला नाही. जितके चाक फिरे तितकी गाडी खाली बसे. पाणी पायरीला लागले तेव्हा शेजारच्या पाटलांचे दोन बैल आले, दावे बांधले आणि त्या मुक्या जनावरांनी सरकारी लिलावातली जीप ओढून काढली. वडील रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "गाडी माझी होती, वाळू माझी नव्हती."

ही गोष्ट जुनी झाली असे वाटत होते. पण २०२४ साल संपून २०२५ लागत असतानाच्या दिवसांत आमच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक महागडी परदेशी स्पोर्ट गाडी वाळूत अडकली आणि तिलाही बैलगाडीने ओढून काढले. ते चित्रण सगळ्या देशाने पाहिले. लोक हसले. मला मात्र वडिलांचे ते वाक्य ऐकू आले. वाळूत गाडी जाते की नाही हा प्रश्न निम्माच आहे. ती वाळू कोणाची, हा उरलेला निम्मा.

आमच्या गावासमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली. मायनाक भंडारी यांची माणसे बेटावर उतरली आणि आरमार घेऊन दौलतखान मदतीला होते. मुंबईच्या इंग्रजांना हे खपले नाही. त्यांनी मोठी जहाजे आणून वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री वल्ही मारत, उथळ पाण्यातून, त्या अवजड जहाजांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागच्या जागी, आणि होडी पुढे. जानेवारी १६८० पर्यंत इंग्रजांनी नाद सोडला. तीच खांदेरी २०२५ साली मराठा लष्करी वारशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक यादीत गेली.

हलके वाहन जड वाहनाला कसे चकवते, याचा धडा आमच्या गावाच्या डोळ्यांसमोर गिरवला गेला आहे. पण त्या होड्या कशासाठी पळत होत्या? माणसे, धान्य, दारूगोळा पोचवण्यासाठी. त्यांचा हलकेपणा कामाला जुंपलेला होता. 'म्यूल' नावाचे खेचरही कामालाच जुंपलेले होते. कच्छच्या रणात सीमा सुरक्षा दलाचे जवान अशाच हलक्या गाड्यांतून गस्त घालतात, तेव्हा तीही कामावर असते. आमच्या पुळणीवर तिला काम काय? दहा मिनिटांची फेरी. जिथून निघालो तिथेच परत.

आणि ती फेरी फुकट नसते. किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर एक वेल पसरलेली असते. जांभळी फुले, आपट्यासारखी दुभंगलेली पाने. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने इथवर यावे, पुढे नाही, अशी जणू तिने आखलेली रेघ. ती कविकल्पना बाजूला ठेवा. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात, त्यामुळे वाळूचे उंचवटे टिकतात आणि त्यामागची सुरूची झाडे, विहिरी, घरे वाऱ्यापासून आणि लाटांपासून थोडी वाचतात. फुग्यासारखी चाके वाळूत रुतत नाहीत हे खरे, पण पुन्हा पुन्हा तिथूनच फिरली की वेल तुटते. ओल्या वाळूत खेकड्यांची बिळे असतात, शिंपल्या असतात. कोळणींची मासळी वाळत घातलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी जपली. आमच्या रायगडातही हरिहरेश्वर, दिवेआगरला कासवे येतात. चाकाच्या चाकोरीत पडलेले नखाएवढे पिल्लू लवकर बाहेर येऊ शकत नाही. त्याच्यासाठी ती दरी असते.

म्हणूनच १९९१ साली किनारपट्टीसाठी नियम आले, २०११ आणि २०१९ साली ते नव्याने लिहिले गेले आणि वाळूचे उंचवटे त्यांनी संरक्षणाखाली घेतले. शिवाय या खेळाच्या गाड्या सडकेवरच्या वाहतुकीसाठी बनवलेल्याच नसतात. नंबरप्लेट लावून मुलाला शाळेत सोडायला ती नेता येत नाही. म्हणजे तिला जायला जागा एकच, वाळू. आणि तिथूनच तिला कोणत्याही दिवशी उठवले जाऊ शकते. भाच्याच्या कर्जाचे हप्ते मात्र उठणार नाहीत.

मग जीप निर्दोष आहे का? मुळीच नाही. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. तासाभरात मुंबईची गाडी आमच्या तालुक्यात उतरते. चार चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे मालक जाहिरात बघून किनाऱ्यावर येतात आणि जीपच्याच नातवंडांनी पुळण नांगरून ठेवतात. आजची थार दीड टनाहून जड आहे. वजनाने ती वाळूचे अधिकच नुकसान करते. तेव्हा हा चांगल्या आणि वाईट गाडीचा खटला नाही.

दोन्ही गाड्यांतला खरा फरक मला ३ जून २०२० या दिवसात दिसला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. आमच्याकडे सुरू, माड, आंबे आडवे झाले, विजेचे खांब वाकले, रस्ते बंद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने जीप काढली. दोरखंड बांधून, लो टाकून, तिने आमच्या आळीतले ओंडके एकेक करून ओढले. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. त्या दिवशी ती वेगाने गेली नाही, तिने उडी मारली नाही. तिने ओढले. तिचे जे वजन लष्कराला १९४० साली नको होते, तेच त्या दिवशी आमच्या आळीच्या उपयोगी पडले. रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या हलक्या गाडीने हे काम दिवसभर केले असते तर पट्टा तापून जळण्याची भीती होती. वाळूवर तरंगण्याचा गुण आणि ओंडका ओढण्याचा गुण एका अंगात मावणे कठीण.

या दोघी अमेरिकेत एकदा एकाच नावाखाली आल्या, ही या इतिहासातली शेवटची गंमत. २०१८ साली महिंद्रने मिशिगन राज्यात 'रॉक्सर' नावाची गाडी बनवायला घेतली. लोखंडी चासी, पाटे, डिझेल इंजिन, हाताने टाकायचे गिअर. म्हणजे आमच्या जीपचीच भाची. पण ती सडकेसाठी नव्हती, म्हणून विकली गेली 'साइड बाय साइड' म्हणून. जीपचे नाव तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या फियाट क्रायस्लर कंपनीने तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते. २०२० साली निकाल लागला, जुन्या चेहऱ्याला मनाई झाली आणि बदललेल्या चेहऱ्याला परवानगी मिळाली. ज्या कंपनीने विलीजकडूनच जीप जोडायला शिकून घेतले, तिच्या गाडीला सत्तर वर्षांनी चेहरा बदलावा लागला.

आठ दिवसांनी मी भाच्याला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मामू, ते सगळे खरे. पण मी पोट कशावर भरू?"

हा प्रश्न इतिहासात नव्हता. मर्यादवेलीचे कौतुक करणाऱ्या माणसाने तिच्या शेजारी राहणाऱ्या पोराच्या पोटाचाही विचार करायला हवा. पुळणीवर गाडी फिरवणारी पोरे हौसेने फिरवत नाहीत. मासळी कमी झाली, शेती तुकड्यांची, नोकरी सगळ्यांना मिळत नाही. त्यांना फक्त "वाळूवरून खाली उतर" म्हणणे सोपे आहे.

आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. खांदेरीला जायला थळच्या बंदरातून होड्या निघतात. युनेस्कोच्या यादीनंतर विचारणा वाढली आहे. मांडव्याला उतरणाऱ्या माणसाला बंदरापर्यंत आणायला, सामान न्यायला, बेटाची गोष्ट सांगत सडकेने फिरवायला कोणीतरी हवे. त्यासाठी रीतसर प्रवासी परवान्याची गाडी लागेल. भाचा आता जुनी चालेल अशी तीच बघतो आहे. कर्ज लागेलच, पण लहान. त्या गाडीला सडक आहे, नंबर आहे, आणि भरतीशी तिचे भांडण नाही. धंदा चालेल की नाही हे आज सांगता येत नाही. चालला नाही तर तो मला बोल लावील आणि मला तो ऐकून घ्यावा लागेल.

वडिलांची जीप अंगणातच आहे. आठवड्यातून दोनदा बर्फ घेऊन बंदरावर जाते, सडकेच्या टोकापर्यंत. तिथून पुढे लाद्या डोक्यावरून जातात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)